चौथ्या दिवशी तेल कुठून आणणार?

गणपतीला आठ दिवस उरले की आमच्या धंद्यातल्या मेस्त्र्यांचे फोन लागत नाहीत. लागले तर उचलत नाहीत. मुंबईचे चाकरमानी गावी येतात, पडवीत गोणपाटाखाली झाकलेला जनरेटर बाहेर काढतात आणि दोरी ओढायला लागतात. आधी मुलगा ओढतो, मग जावई, मग शेजारी. खांदे भरून येतात, जनरेटर ढिम्म. आरतीच्या वेळी वीज जाणार हे तर ठरलेलेच, मग मेस्त्र्याचा धावा सुरू होतो. मेस्त्री येतो, कार्ब्युरेटरची खालची वाटी सोडतो आणि काही न बोलता ती मालकाच्या नाकाखाली धरतो. आत तपकिरी चिकट थर असतो. शिमग्याला भरलेले पेट्रोल.

या दुरुस्तीला पंधरा मिनिटे लागतात आणि गणपतीच्या आठवड्यात मेस्त्र्याची निम्मी कमाई तिच्यावर होते. टाळायची युक्ती फुकट आहे. जनरेटर बंद करताना बटण दाबायचे नाही, पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप थांबू द्यायचे, म्हणजे वाटी कोरडी होते. मी हे पावतीच्या मागे लिहून द्यायचो. आमचा मेस्त्री हसायचा. म्हणायचा, "लिहा, लिहा. वाचतोय कोण?"

दक्षिण रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या पट्ट्यात जनरेटर विकणाऱ्या, भाड्याने देणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांत माझी उमेदीची वर्षे गेली. दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो: किती केव्हीएचा घेऊ? त्यावर विकणारा घरातले दिवे मोजायला घेतो. इतके बल्ब, इतके पंखे, एक फ्रिज, एक टीव्ही. कागदावर बेरीज मांडली की गिऱ्हाइकाला बरे वाटते. पण कोकणातल्या घरात या बेरजेला फारसा अर्थ नाही. एलईडीचा बल्ब नऊ वॉटचा, पंखा पंचाहत्तरचा, सगळे घर उजळून टाकले तरी चारपाचशे वॉटच्या पलीकडे जाणे कठीण. खरा धनी असतो तो विहिरीवरचा पंप.

एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॉट, हे सगळ्यांना पाठ असते. मोटर विजेकडून प्रत्यक्षात हजार-अकराशे घेते, हे थोड्यांना ठाऊक असते. आणि सुरू होण्याच्या क्षणी ती त्याच्या पाचसहा पट करंट ओढते, हे बहुतेकांना जनरेटर घरी नेल्यावर कळते. रुतलेली गाडी एकदा चिखलातून निघाली की पुढे एक बैलसुद्धा ओढतो, पण तो पहिला हिसका द्यायला चार लागतात, तसेच हे. दोन केव्हीएचा नवा कोरा जनरेटर एका पंपापुढे घोगरा आवाज काढून मान टाकतो, आणि मग दुकानात फोन येतो की माल डुप्लिकेट दिलात.

माल बहुतेक वेळा बरा असतो, पण पाटी मात्र वाचावी लागते. पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा असतो तो 'मॅक्सिमम'चा, काही मिनिटांपुरता. दिवसभर झेपणारा 'रेटेड' आकडा मागच्या पत्र्यावर बारीक अक्षरांत असतो. शिवाय केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे. पंपासारख्या लोडला साधारण 0.8 ने गुणून घ्यायचे, म्हणजे पाच केव्हीएतून चार किलोवॅट हाती येतात. विकणारा हे आपण होऊन सांगत नाही. विचारले तर सांगतो.

दापोलीकडच्या एका निवृत्त गुरुजींची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. त्यांच्या विहिरीवर दीड हॉर्सपॉवरचा पंप होता. दोन ठिकाणी चौकशी करून ते आले होते आणि दोन्हीकडे त्यांना साडेसात केव्हीएचा डिझेल सेट सांगितला होता. आमच्याकडेही तोच विकला गेला असता, कारण मालकाला तोच विकायचा होता. मेस्त्री मध्येच म्हणाला, "गुरुजी, आधी पंप बघतो." घरी जाऊन त्याने पंपाच्या पेटीतला कपॅसिटर काढला. तो कमजोर झालेला होता. त्यामुळे मोटर गुरगुरत राहायची, वेग घ्यायचीच नाही आणि तो चढलेला करंट खाली उतरायचाच नाही. काहीशे रुपयांचा नवा कपॅसिटर बसला. वर मेस्त्र्याने शिकवले की पंप सुरू करताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, मोटरने वेग घेतला की हळूहळू उघडा, म्हणजे सुरुवातीला पाण्याचा भार येत नाही. गुरुजींनी पाच केव्हीएचा सेट नेला आणि तो पंपाला पुरला. मालक दोन दिवस मेस्त्र्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गुरुजींच्या सांगण्यावरून त्याच आळीतली दोन गिऱ्हाइके आली, तेव्हा चहा आला.

तेलाचा प्रश्न याच्या पुढचा. पेट्रोल की डिझेल, यावर गावात निवडणुकीइतके वाद होतात. डिझेलवाले ॲव्हरेज सांगतात आणि ते खरेच आहे. बऱ्या लोडवर चालणारा डिझेल सेट लिटरमागे तीन युनिटांच्या आसपास वीज देतो, छोट्या पेट्रोल सेटला तेवढी जमत नाही. पण हा हिशोब रोज आठ तास जनरेटर चालवणाऱ्याचा झाला. वर्षातून पंधरा दिवस चालवणाऱ्याने ॲव्हरेजचा विचार करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने बघायचे ते वेगळेच: यंत्र घरापर्यंत पोचते का आणि त्याचे तेल गावात मिळते का.

एकदा एका खाडीकाठच्या वाडीत पाच केव्हीएचा डिझेल सेट द्यायचा होता. पैसे भरून झाले होते. टेम्पो रस्त्याच्या शेवटाला जाऊन थांबला आणि पुढे दिसली पाखाडी, जांभ्या दगडाच्या अरुंद पायऱ्या, पावसाने शेवाळलेल्या, थेट खालच्या घरापर्यंत. आवाज दाबणाऱ्या लोखंडी खोक्यासकट तो सेट काही क्विंटलांचा. मालकीणबाई खालून ओरडून विचारत होत्या, "आला का ओ?" आला होता, पण टेम्पोतून खाली उतरवायचा कोणी, हाच प्रश्न होता. शेवटी सेट परत गेला आणि तीन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर वाशाला बांधून दोन गड्यांनी खांद्यावरून खाली नेला. बाईंना वाटले आपल्याला कमी दर्जाची वस्तू दिली. पुढे त्या जनरेटरचा स्टार्टर बिघडला तेव्हा त्याच वाशाला बांधून तो वर आणला, रिक्षात टाकला आणि संध्याकाळी दुरुस्त करून परत नेला. डिझेल सेट असता तर मेस्त्र्याला हत्यारांची पेटी घेऊन पाखाडी उतरावी लागली असती, आणि आमचा मेस्त्री गुडघेदुखीचा.

मग 3 जून 2020 उजाडला. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, तसेच विजेचे खांबही. काही वाड्यांत वीज यायला महिना उलटून गेला. वर करोनाचे दिवस. त्या महिन्यात आमच्या धंद्याला जे कळले ते कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात नाही.

पहिले दोन दिवस ज्याच्याकडे जनरेटर तो राजा होता. सगळी आळी त्याच्या पडवीत मोबाइल चार्ज करायला. रेंज नव्हती ती गोष्ट वेगळी, पण बॅटरीला शंभर टक्के बघून माणसाला धीर येतो. तिसऱ्या दिवशी तेल संपत आले. चौथ्या दिवशी कळले की कोणाची निवड बरोबर होती. बंदराजवळच्या गावांत डिझेलवाले सुखी. वादळाच्या इशाऱ्याने होड्या किनाऱ्याला लागलेल्या होत्या, पिंपांत डिझेल शिल्लक होते आणि डिझेल इंजिन खोलणारा माणूस प्रत्येक कोळीवाड्यात होता. त्याच तालुक्यात वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाड्यांत, उलटे चित्र. तिथे डिझेल पिणारे दुसरे काहीच नव्हते. होत्या त्या मोटरसायकली. रस्त्यात झाडे पडल्यामुळे त्या जागेवरच उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या टाकीत दोनचार लिटर पेट्रोल होते. एका वाडीने चक्क यादी केली: आज अमक्याची बाइक, उद्या तमक्याची. नळी टाकून पेट्रोल काढायचे, जनरेटर घरोघर फिरवायचा, प्रत्येकाच्या पंपाला वीस मिनिटे. पाण्याची टाकी भरली की पुढच्या घरी. वाशाला बांधून नेता येणारा जनरेटर तिथे सगळ्या वाडीचा झाला.

तेव्हापासून आमचा मेस्त्री दुकानात आलेल्याला केव्हीए सांगण्याआधी विचारतो, "तुमच्या वाडीत आणखी काय काय चालतं? बोटी आहेत? पॉवर टिलर आहे?" गिऱ्हाईक बुचकळ्यात पडते. पण जे तेल गावात रोज जळते तेच ताजे मिळते, त्याचाच साठा कोणाकडे तरी असतो आणि त्याचेच इंजिन दुरुस्त करणारा हाकेच्या अंतरावर असतो. पेट्रोल तर घरात फार ठेवताही येत नाही. कायद्याने विनापरवाना 30 लिटर, आणि माझ्या मते चुलीच्या घरात तेवढेही जास्तच. डिझेलला ती मर्यादा 2,500 लिटरची आहे. शिवाय पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! फार दिवस पडून राहिले की पाणी खाली बसते आणि कार्ब्युरेटरमध्ये नेमके तेच आधी जाते. डिझेल तुलनेने टिकाऊ, पण अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात आतून घामेजते, तळाला पाणी साचते आणि त्यावर बुळबुळीत शेवाळासारखे काहीतरी धरून फिल्टर तुंबतो. म्हणून डिझेलची टाकी भरलेली ठेवायची आणि पेट्रोलची रिकामी. हे सांगितले की लोक उलटे लक्षात ठेवतात.

त्याच जूनमध्ये आणखी एक गंमत झाली. नवा जनरेटर दर दहा मिनिटांनी बंद पडतो म्हणून एकाने तीन निरोप धाडले. मेस्त्री पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत तिथे पोचला. जनरेटर उतरत्या खळ्यात ठेवलेला. इंजिनातले ऑइल एका बाजूला गेले की ते कमी आहे असे समजून तो स्वतःला बंद करून घ्यायचा, तशी सोयच असते त्यात. मेस्त्र्याने एका बाजूला दोन चिरे सरकवले आणि पैसे मागितले. "दोन चिरे ठेवायचे पैसे?" मालक म्हणाले. मेस्त्री म्हणाला, "चिरे तुमचेच आहेत, पैसे झाडांवरून उड्या मारल्याचे." त्या घरातल्या जनरेटरचे ऑइल बदलायची वेळही तेव्हाच आली होती. छोट्या इंजिनाला साधारण शंभर तासांनी ते बदलावे लागते, नव्याला तर पहिल्यांदा वीसेक तासांतच. एरवी शंभर तास भरायला दोन वर्षे लागतात. वादळात रोज आठ तास चालवला की ते तेरा दिवसांत भरतात, आणि तेव्हा ऑइलचे दुकान बंद असते. जनरेटरबरोबर ऑइलचा एक डबा नेणारे गिऱ्हाईक दिसले की मेस्त्री त्याला स्वतःच्या पैशाने चहा पाजतो.

मोठा घेतला म्हणजे चांगला घेतला, या समजुतीनेही आम्हाला बराच धंदा दिला आहे. समुद्राकाठच्या एका बंगल्यात पंधरा केव्हीएचा डिझेल सेट होता. मालक वर्षातून दोनदा यायचे. राखणदार रात्री त्या सेटवर चार दिवे आणि एक टीव्ही लावायचा. इतक्या किरकोळ लोडवर डिझेल इंजिन पुरते तापत नाही, तेल अर्धवट जळते आणि सायलेन्सरमधून काळा, तेलकट ऐवज गळायला लागतो. पांढऱ्या भिंतीवर त्याचा ओघळ उतरला तेव्हा मालकांचा फोन आला. उपाय म्हणून मेस्त्र्याने त्यावर दोन तास पाण्याचे गिझर लावायला सांगितले. राखणदार खूश. त्याला त्या बंगल्यात पहिल्यांदाच गरम पाण्याची अंघोळ मिळाली.

जुनी माणसे अजून रॉकेलच्या जनरेटरची आठवण काढतात. श्रीराम होंडा, बिर्ला यामाहा ही नावे एका पिढीच्या लग्नांच्या मांडवांत, भजनांत आणि गणपतीच्या देखाव्यांत ऐकू यायची. पेट्रोलवर सुरू करायचे, इंजिन तापले की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचे आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर. ही शेवटची पायरी विसरली की दुसऱ्या दिवशी तो सुरू व्हायचा नाही. त्यात जळणारे निळे रॉकेल रेशनचे होते, त्याचा हा वापर कायद्यात बसत नव्हता, आणि हे सगळ्या गावाला वासावरून कळायचे. रेशनचे रॉकेल आटले तशी ती यंत्रे माळ्यावर गेली.

गॅसवर चालणारे जनरेटर येतात. बंद घरासाठी गॅसचा गुण मोठा: तो शिळा होत नाही. पण स्वयंपाकाचा लाल सिलिंडर त्याला लावणे बेकायदा आहे, निळा 19 किलोचा घ्यावा लागतो, आणि रस्ता बंद झाला की गॅसची गाडीही बंद. गोबरगॅसचे विचारणारे एक गृहस्थ दर वर्षी येतात. त्यांच्याकडे तीन म्हशी. घनमीटरभर गॅसला पंचवीसेक किलो शेण लागते आणि त्यातून दीड युनिटाच्या आसपास वीज निघते. त्यांच्याबरोबर आलेल्या काकूंनी एकदाच विचारले, "मग भात कशावर शिजवायचा?" तेव्हापासून ते एकटेच येतात.

सोलरचा किस्सा अलीकडचा आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून एकाने छपरावर तीन किलोवॅटचे पॅनेल बसवले, 78,000 रुपये अनुदान मिळाले, बिल शून्यावर आले. पहिल्या मोठ्या पावसात लाइन गेली आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडूनही घरात वीज नाही. बसवणाऱ्याने फसवले म्हणून ते तावातावाने आमच्याकडे आले. फसवले नव्हते, समजावले नव्हते एवढेच. बॅटरी नसलेले ऑन-ग्रिड सोलर महावितरणची लाइन गेली की स्वतःहून बंद होते. खांबावर चढलेल्या माणसाला तुमच्या छपरावरचा शॉक बसू नये म्हणून तशी योजना असते.

जनरेटरला मात्र ती अक्कल नाही. लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणाऱ्या चेंजओव्हर स्विचचे पैसे वाचवायला लोक दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करतात आणि जनरेटरची वीज भिंतीवरच्या सॉकेटमधून उलटी घरात सोडतात. मेन स्विच बंद करायचा राहिला की ती लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो आणि मेलेल्या समजलेल्या तारेत 11,000 व्होल्ट येऊ शकतात. आमच्या भागातला एक जुना वायरमन खांबावर चढण्याआधी तारांना अर्थिंगची साखळी टाकतो, पण त्याच्याही आधी दोन मिनिटे नुसता उभा राहून कान देतो. कुठे जनरेटर धडधडत असला तर त्या घरी जातो, बोर्ड बघतो आणि ती वायर दिसली तर विळ्याने कापून खिशात घालतो. कोणी तक्रार केलेली मला ठाऊक नाही. आमचा मेस्त्री चेंजओव्हर लावल्याशिवाय जनरेटर चालू करून देत नाही, आणि पावसात तो पडवीत ओढून घेणार नाही असे कबूल करून घेतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

आता विकणाऱ्यांना न आवडणारी गोष्ट. बहुतेक घरांना रात्रभर जनरेटर लागतच नाही. साधा इन्व्हर्टर आणि 150 अँपिअर-अवरची बॅटरी रात्रीचे पंखे-दिवे सांभाळते. जनरेटर दिवसा काही तास लावायचा, त्यात पाण्याची टाकी भरायची, फ्रिज गार करायचा, बॅटरी चार्ज करायची आणि बंद. तेल निम्म्याहून कमी लागते आणि शेजारी बोलत राहतात. यात एकच अडचण येते: छोट्या जनरेटरची वीज थोडी डगमगती असते, म्हणून इन्व्हर्टर ती घ्यायला नकार देतो. लोक समजतात जनरेटर खराब. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा एक छोटा खटका असतो, तो दुसरीकडे सरकवला की बहुधा काम भागते. त्या खटक्यासाठी दोनशे रुपये घेणारे मी पाहिले आहेत.

त्याहून जास्त घेणारेही आहेत. फार दिवस पडून राहिलेला जनरेटर कधीकधी छान चालतो, पण वीज देत नाही. आतला उरलासुरला चुंबकपणा गेलेला असतो. जाणता मेस्त्री गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीची दोन टोके जागेवर क्षणभर टेकवतो आणि दिवा लागतो. याला फ्लॅशिंग म्हणतात. अजाणता किंवा फार जाणता मेस्त्री "वाइंडिंग जळालं" म्हणून यंत्र उचलून नेतो आणि आठवड्याने मोठ्या बिलासह परत आणतो. वाइंडिंग खरेच जळाले असेल तर त्याला करपल्याचा वास येतो. पाठवण्याआधी नाक लावून बघावे. जुना काढलेला तांब्याचा गुंडा परत मागितला तरी अर्धे मेस्त्री विचारात पडतात.

आणि जुना घ्यायचा असेल तर पावसाळ्यापूर्वी येऊ नका. मे महिन्यात प्रत्येकाला वादळ आठवते आणि भाव चढलेले असतात. 1 जुलै 2023 पासून प्रदूषणाचे नवे निकष आले तसे नवे डिझेल सेट महागले, त्यामुळे जुन्यांनाही भाव आला. माघात या. तेव्हा मांडववाले रंग मारलेले सेट काढतात, ते लांबूनच बघा. आणि वादळानंतर घाईने घेऊन चाळीस तासही न चालवलेले चाकरमान्यांचे जनरेटर असतात, ते जवळून बघा. खारी हवा आधी सायलेन्सर आणि खोक्याचे तळ खाते, तिथे नखाने टोकरून पाहा. खोक्याचे दार उघडण्याआधी दोनदा वाजवा, थंडीत आतल्या उबेला धामण बसलेली असते. आणि येताना विहिरीवरच्या पंपाच्या पाटीचा फोटो तेवढा मोबाइलवर घेऊन या, नाहीतर मेस्त्री परत पाठवील.